झांगीफ घेऊन गोल्डमध्येच अडकलोय, पॅड बदलू का? (बजेट ३०००)

तिकटी_तांबडा:
मंडळी, मदत पाहिजे. गेले आठ महिने स्ट्रीट फायटर ६ या मारामारीच्या गेममध्ये फक्त झांगीफ हा पैलवान खेळालोय, क्लासिक कंट्रोलवर (चाली हातानं फिरवून काढायच्या). पीएस४ आहे, पॅड त्याच्याबरोबर आलेलाच. गोल्ड रँकला आलो आणि तिथनं पुढं गाडी हलंना. बाकीच्या बहुतेकांना १०,००० हेल्थ, झांगीफला ११,०००, पण ते वरचे हजार कुठं जातात कळत नाही, कारण समोरच्यापर्यंत पोचूस्तवर निम्मं रक्त गेलेलं असतंय. चाल संथ, अंग मोठं, लांबनं मारायला काही नाही. समोर गाईल नाहीतर जेपी असला लांबनं मारणारा आला की नुसता मार खायचा.
प्रश्न तीन. एक, फायरबॉलवाल्यांच्या जवळ जायचं कसं. दोन, ३६० (ग्रॅबसाठी दिशा पूर्ण गोल) फिरवताना दहातनं चारदा ग्रॅबच्या जागी उडी पडतीय आणि समोरचा खाली वाट बघत उभाच असतोय. तीन, पॅड बदलला तर फरक पडंल का. बजेट ३००० रुपये, त्याच्यावर एक रुपया नाही. आणि कृपा करून कॅरॅक्टर बदल म्हणू नका. लहानपणापास्नं आजोबांच्या खांद्यावर बसून खासबागेत कुस्त्या बघितल्यात, मला पैलवानच खेळायचाय.

रंकाळा_रायडर:
भावा एकदाच खर्च कर आणि विषय संपव. मी आर्केड स्टिक घेतली पुण्यातनं, २२ हजार गेले, घरात आठ दिवस कोण धड बोलत नव्हतं माझ्याशी, पण पाच वर्षं झाली, अजून बटन एक ढिलं नाही. आत जपानी सान्वाची लिव्हर आहे, त्याला येताना चौकोनी गेट (लिव्हर ज्याच्या आत फिरते ती चौकट) असतंय, मी ते काढून अष्टकोनी बसवलं आणि तेव्हापासनं ३६० लोण्यासारखं फिरतंय. पॅडवर झांगीफ खेळणं म्हणजे चपला घालून हौद्यात उतरणं.

तिकटी_तांबडा:
दादा, ३००० हो. २२ हजार नाहीत.

रंकाळा_रायडर:
हप्त्यावर घे की मग. चांगली वस्तू एकदाच घ्यायची असते.

उडता_केन:
तू नको म्हणालास तरी सांगतोय, कारण मी पण दोन महिने हा जड माणूस ओढलाय. केन घे. फायरबॉल आहे, वर येणाऱ्याला पाडायला ड्रॅगन पंच आहे, पळणं आहे. २०२३ ची एव्हो, म्हणजे या गेमची मोठी स्पर्धा, अँग्रीबर्ड नावाच्या खेळाडूनं केन घेऊनच जिंकली. झांगीफनं दहा मॅच खेळल्या की सात मॅच नुसतं चालण्यातच जातात, मला मॅच खेळायची होती, फिरायला जायचं नव्हतं. मी बदलला आणि दीड महिन्यात डायमंडला गेलो.

खासबागकर:
केनवाल्या, त्यानं विचारलंय काय, तू सांगतोस काय. आणि झांगीफ वर जातच नाही हे कुणी सांगितलं? जपानचा इताबाशी झांगीफ किती वर्षं हाच पैलवान घेऊन मोठ्या मोठ्या खेळाडूंना पाडतोय, त्यानं तर नावच ते घेतलंय.
तांबडा, माझं ऐक. मी सहा वर्षं तालमीत होतो, गुडघा गेला म्हणून सोडलं. आमच्या वस्तादांनी पहिले कितीतरी महिने डाव शिकवलाच नाही. नुसती खडाखडी. हाताला हात, मानेवर हात, पाय मातीत रोवून पुढं मागं सरकायचं. आम्हाला कंटाळा यायचा, कधी एकदा ढाक मारतोय असं व्हायचं. वस्ताद म्हणायचे समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते तुझ्या तळहाताला कळलं पाहिजे, तोवर डावाचं नाव काढायचं नाही. झांगीफचं तेच आहे. तू ३६० मारायलाच निघालेला असतोस आणि ते समोरच्याला लांबनं दिसतंय, म्हणून तो उडतोय, मागं जातोय, फायरबॉल टाकतोय. तू अर्धं पाऊल जा, थांब, ब्लॉक कर, परत अर्धं पाऊल. पाठीमागं कोपरा लागला की तो स्वतःच घाबरून काहीतरी करतोय, आणि तिथं तू आहेसच.

पेठेतला_विंगर:
ते सगळं ठीक आहे पण झांगीफचा स्क्रू पाईलड्रायव्हर आणि आपली कुस्ती याचा काय संबंध? माणसाला उलटा धरून वर जायचं आणि डोक्यावर आपटायचं, मातीत असलं केलं तर पंच आधी बाहेर काढतील. आपल्यात चितपट म्हणजे पाठ लागली पाहिजे.

खासबागकर:
मी खडाखडीचं बोललो, आपटण्याचं बोललोच नाही. नीट वाच.

पेठेतला_विंगर:
वाचलं. ढाक म्हणालास ना. झांगीफकडं ढाक कुठाय?

खासबागकर:
डाव जवळनं लागतोय, एवढं सारखं आहे. बाकी शाहू महाराजांचं खासबाग मैदान १९१२ ला उभं राहिलं आणि झांगीफ १९९१ च्या स्ट्रीट फायटर २ मध्ये पहिल्यांदा आला. आधी कोण आलं ते बघ.

शिरोली_नाका_४१:
कुस्ती बाजूला ठेवा. तांबडा, मॉडर्न कंट्रोल लाव, ३६० फिरवायची गरजच नाही, एका बटनात ग्रॅब निघतो. लोक नाकं मुरडतात पण मी एमआयडीसीत दिवसभर लेथवर उभा असतो, संध्याकाळी अंगठ्यात जोर राहत नाही, मॉडर्न घेतलं आणि प्लॅटिनमला गेलो. वय ४१ आहे माझं. वयाचं कुणी काढू नका, २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये स्ट्रीट फायटर ५ चं सुवर्णपदक कोरियाच्या किम ग्वान-वूनं घेतलं तेव्हा तो ४४ चा होता.

उडता_केन:
मॉडर्नमध्ये एका बटनाचा स्पेशल ८० टक्केच डॅमेज देतो हे पण सांगा की. झांगीफकडं आहेच काय, तो एक ग्रॅब. त्यातलं पण २० टक्के सोडायचं?

शिरोली_नाका_४१:
मॉडर्नमध्येसुद्धा हातानं वर्तुळ फिरवलं तर पूर्ण डॅमेज मिळतं. घाईत बटन, निवांत असलो की वर्तुळ. दोन्ही जमतंय.

उद्यमनगर_फिटर:
स्टिकला २२ हजार घालायची काय गरज नाही. मी स्वतः लिव्हर नसलेला बॉक्स बनवलाय. रास्पबेरी पाय पिकोचा बोर्ड, त्याच्यावर जीपी२०४०-सीई नावाचं फुकटचं फर्मवेअर, आर्केडची बटनं, वायर. डबा आमच्या शेजारच्या शॉपमधनं दीड एमएमचा पत्रा वाकवून घेतला, २४ आणि ३० एमएमची भोकं मीच होल सॉनं पाडली, कडा कानशीनं घासल्या, नाहीतर मनगट कापतंय. आत तळाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला म्हणजे मांडीवरनं घसरत नाही. माझा सगळा खर्च २,६०० झाला. दिशेला चार बटनं असल्यामुळं ३६० म्हणजे डावं, खाली, उजवं, वर अशी पेटी वाजवल्यासारखी ओळीनं दाबायची. शनिवारी दुपारी दुकानात ये, वापरून बघ.

गंगावेस_गेमर:
थांब थांब, ऑर्डर देऊ नको. मी तसलाच बॉक्स पीएस४ ला लावला होता. बरोबर आठ मिनिटांनी कनेक्शन गेलं, रँक मॅचमध्ये, तिसऱ्या राउंडला, माझं रक्त जास्त असताना. मला वाटलं वायर सुटली, सगळा बॉक्स उघडून परत सोल्डर मारला, परत आठ मिनिटं. मग कळलं की पीएस४ परवाना असलेला कंट्रोलर आहे का बघतंय, नसला की आठ मिनिटांनी तोडतंय. पीसीवर काय अडचण नाही. फिटरभाऊ, तुम्ही पीसीवर खेळता काय?

उद्यमनगर_फिटर:
हो, पीसीवर. पीएस४ चं मला माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंस, परवाच एकाला बनवून देणार होतो.

रंकाळा_रायडर:
म्हणून म्हणतोय परवान्याची स्टिक घ्या.

बावड्याची_मास्टर:
धागा आत्ता बघितला. मी झांगीफ घेऊनच मास्टर रँकला गेले, पॅडवर, त्यामुळं थोडं लांब लिहिते.
आधी उडीचं. तुला पूर्ण गोल फिरवायची गरज नाही. मागून खालून पुढं असं अर्धं वर्तुळ, मग वर, आणि लगेच पंच. वर दाबल्यावर पाय जमिनीवरनं सुटायला मोजक्याच फ्रेम लागतात, सेकंदाला ६० फ्रेम. त्याच्या आत पंच पडला तर ग्रॅब, उशीर झाला तर उडी. तुझी चार उडी पडतात कारण तू मोकळा उभा राहून फिरवतोस. तसं करूच नको. बसून हलका पंच मार, तो पंच अजून चालू असतानाच अर्धं वर्तुळ सुरू कर. आपला माणूस तेव्हा उडूच शकत नाही, त्यामुळं वर दाबलं तरी चालतं. पंच ब्लॉक झाला असेल तर मात्र अगदी चिकटून ग्रॅब मारू नको, ब्लॉक सुटल्या सुटल्या माणूस पकडता येत नाही. अगदी थोडं थांबायचं, आणि हे थांबणं कुणी लिहून शिकवू शकत नाही. ट्रेनिंगमध्ये फ्रेम मीटर लावून बघ.
हलका ग्रॅब सगळ्यात लांबनं लागतो आणि जड ग्रॅब सगळ्यात जास्त लागतो. गोल्डमध्ये सगळे जडच मारत बसतात आणि वितभर कमी पडून हवेत हात फिरवतात. त्या हवेतल्या ग्रॅबनंतर तू किती वेळ उघडा असतोस बघ. बाहेरनं आत येताना हलका, समोरचा चुकला असेल तर जड.
फायरबॉलचं म्हणशील तर उडी मारणं आजपासून बंद. पॅरी दाब, म्हणजे येणारा मार झेलायचा. फायरबॉल पॅरी झाला की ड्राइव्ह (हेल्थखालचे सहा कप्पे) परत भरतो, ब्लॉक केला की कमी होतो, आणि सहाच्या सहा गेले की बर्नआउट, मग तर पॅरीसुद्धा नाही. गाईलचे बूम (त्याचे फायरबॉल) ट्रेनिंगमध्ये रेकॉर्ड कर आणि रोज दहा मिनिटं नुसतं चालत जाऊन पॅरी कर, मारायचं काही नाही. परफेक्ट पॅरीला फक्त २ फ्रेम मिळतात, त्याच्या मागं लागू नको, तो आपोआप पडायला लागतो. एवढंच लक्षात ठेव की पॅरी धरून बसलेल्या माणसाला ग्रॅब लागला तर जास्तीचं डॅमेज बसतं. तू पॅरी करत पुढं येतोस, कोपऱ्यात गेल्यावर घाबरून तोच पॅरी धरतो. झांगीफची मॅच तिथं फिरते.
जेपीबद्दल खोटा धीर देत नाही, ती मॅच वाईटच आहे. हरलास तर पुढची लाव.

खासबागकर:
ताई, हेच मी सांगत होतो. खडाखडी.

पेठेतला_विंगर:
पण ढाक नाहीच शेवटी त्याच्याकडं.

नवीन_भिडू:
वायफायवर खेळतोस का? लॅनची वायर ओढ आधी. आणि टीव्ही गेम मोडवर टाक.

गंगावेस_गेमर:
कुणी सांगितलं नसलं तर मी सांगतो, वायफायवर खेळू नको, वायर घाल. समोरच्याला तुझ्या नावाशेजारी वायफायचं चिन्ह दिसतंय, मी तर बघितलं की नाकारतो.

शिरोली_नाका_४१:
वायर आणि मॉडर्न. एवढं कर.

बावड्याची_मास्टर:
पॅडचं राहिलं. पैसे घालवू नको. डाव्या बाजूची चार दिशांची बटनं वापर, अ‍ॅनालॉगला (अंगठ्यानं गोल फिरवायच्या दांडीला) हात लावू नको, त्याच्यावर खाली दाबलं की तिरकं जातं.

उद्यमनगर_फिटर:
हे खरं. अ‍ॅनालॉगवर खेळणारा झांगीफ मी अजून बघितला नाही.

रंकाळा_रायडर:
मी पण नाही.

तिकटी_तांबडा:
तीन आठवडे झाले, सांगायचं राहिलं. फिटरदादांच्या दुकानात जाऊन बॉक्स वापरून बघितला, ३६० मस्त निघत होता पण पुढं मागं चालतानाच बोटं अडकाय लागली, आणि मला तर चालायचंच होतं. स्टिक परवडत नाही. मॉडर्न एक रात्र लावलं, ग्रॅब बटनावर निघाला की हाताला काही केल्यासारखं वाटतच नाही, काढून टाकलं.
२० मीटर लॅनची वायर आणली, हॉलच्या दारावरनं फिरवून खिळे मारले, आई दोन दिवस बडबडली. आणि सगळ्यांनी नको म्हणून सांगितलेलं तेच केलं, अ‍ॅनालॉगवर गेलो. बटनांवर अंगठा एका दिशेवरनं दुसरीकडं उचलावा लागतोय, तिथंच माझं वर चुकत होतं. अ‍ॅनालॉगवर अंगठा उचलावाच लागत नाही, कडेनं घासत फिरतोय. ताईंनी सांगितलेलं पंचाच्या आत वर्तुळ सुरू करायचं, ते पण त्याच्यावरच जमलं. अंगठ्याला फोड आला होता, आता घट्टा पडलाय. ताई, तिरकं जातंय हे खरं आहे, बसून ब्लॉक करताना दोनदा मार खाल्ला. पण उडी आता दहातनं एखादी.
बूम रेकॉर्ड करून रोज दहा मिनिटं चालतोय. काल गाईल आला होता, तिसऱ्या राउंडला माझं बोटभर रक्त राहिलेलं. एकदा पण उडलो नाही. सहा बूम पॅरी केले, सातव्याला तो कोपऱ्यात होता आणि पॅरी धरून उभा राहिला. जड ग्रॅब मारला. पॅड ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो थोडा वेळ, हात थरथरत होते.
गोल्ड पाच स्टार आहे. उरलेले पैसे तसेच ठेवलेत.

बावड्याची_मास्टर:
अ‍ॅनालॉगचं मला अजून पटत नाही. पण सहा बूम न उडता, हे लय भारी. रविवारी रूम लाव, मी जेपी घेते, तू चालत ये.

उडता_केन:
मी पण येतो.

पेठेतला_विंगर:
रविवारी फायनल आहे फुटबॉलची, सातनंतर ठेवा.