लाकाँची ओळख नवख्यांना कुठून करून द्यावी? (सोलापूर, वाचनगट)

पूर्वभाग_वाचक:
नमस्कार. आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी अशोक चौकाजवळ एकाच्या गच्चीवर वाचायला जमतो. दोन शिक्षक, एक नर्स, एक यंत्रमाग कारखान्यात हिशेब बघणारे काका, बाकी कॉलेजची मुलं. यंदा मी मोठ्या हौसेने झाक लाकाँ हा फ्रेंच मनोविश्लेषक घेतला. त्याच्या 'एक्री' या लेखसंग्रहातला आरशावरचा लेख वाचायला लागले आणि दुसऱ्याच पानावर सगळे गप्प. पुढच्या रविवारी तिघंच आले. पण मला हा माणूस सोडायचा नाही. सुरुवात कुठून करू? इंग्रजी सगळ्यांचं बेताचंच.

सातरस्ता:
ताई, आधी फ्रॉइड घ्या. लाकाँ स्वतःच 'फ्रॉइडकडे परत चला' म्हणत होता. बोलता बोलता जीभ घसरते, नाव आठवत नाही, यावर फ्रॉइडचं १९०१ चं लिखाण आहे, ते कुणालाही कळतं. आपल्याकडे घरात तेलुगू, दारात कन्नड, शाळेत मराठी. घसरलेल्या शब्दांचे किस्से प्रत्येकाकडे निघतील. 'नेणिवेची (मनाच्या आपल्याला न कळणाऱ्या भागाची) रचना भाषेसारखी असते' हे लाकाँचं म्हणणं त्यानंतर सांगा.

कांडीवाला:
सातरस्ता, पटतं, पण फ्रॉइडमध्येच वर्ष जाईल. मी एकच प्रसंग घेईन.

ताई, 'एक्री' १९६६ चं, नऊशेच्या वर पानांचं. त्यातले लेख त्या क्षेत्रातल्या लोकांसाठी लिहिलेले, मुद्दाम अवघड. त्यामानाने त्याची सेमिनारमधली, म्हणजे वर्षावर्षाच्या व्याख्यानमालांमधली, व्याख्यानं बरी, कारण तिथे समोर माणसं बसलेली आहेत. १९६४ चं अकरावं सेमिनार हाताशी ठेवा.

आता प्रसंग. फ्रॉइडचा दीड वर्षाचा नातू दोरा बांधलेलं लाकडी रीळ पाळण्याच्या पडद्याआड फेकायचा आणि 'ओ-ओ-ओ' म्हणायचा, म्हणजे 'गेलं'. दोरा ओढून रीळ दिसलं की आनंदाने 'दा', म्हणजे 'हे इथे'. आई बाहेर गेली की हा खेळ. फ्रॉइडने १९२० मध्ये तो लिहिला. लाकाँला त्यात दिसलं ते असं: आईचं जाणं-येणं मुलाच्या हातात नाही, पण दोन आवाज त्याच्या हातात आले. तिथून ते भाषेत शिरलं. आणि भाषा तर त्याच्या आधीपासून होतीच, नावसुद्धा दुसऱ्यांनीच ठेवलेलं. पुढे १९६४ मध्ये तो म्हणतो, रीळ म्हणजे आई नव्हेच, तो मुलाचाच सुटून पडलेला तुकडा आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

आमच्या घरी आई कांड्या (मागावरच्या सुताच्या नळ्या) भरायची. मी रिकाम्या कांडीला सूत बांधून खाटेखाली फेकायचो. गटात एक कांडी न्या, सूत बांधा आणि काकांच्या हातात द्या. तासभर चर्चा होईल.

आरसा नंतर. तो सोपा वाटतो म्हणून फसवतो. सहा ते अठरा महिन्यांचं मूल, अजून धड उभं राहता येत नाही, पण आरशातलं रूप अखंड दिसतं आणि ते त्यालाच 'मी' मानतं. म्हणजे 'मी' मुळातच बाहेरून आलेला. एवढं नीट पोचलं तरी एक रविवार सार्थकी लागला.

नवीपेठ:
नर्सताईंना ब्रूस फिंकचं लाकाँवरचं १९९७ चं पुस्तक द्या. तो स्वतः मनोविश्लेषक, माणसं उपचाराला कशाने येतात आणि काय बोलतात तिथून सुरू करतो. शब्द अडला की डिलन इव्हान्सचा लाकाँच्या संज्ञांचा कोश. रिअल, सिम्बॉलिक, इमॅजिनरी हे लाकाँचे तीन मुख्य शब्द पहिले दोन महिने फळ्यावर लिहूच नका, लोक व्याख्या पाठ करत बसतात.

अजून एक. लाकाँ गरज, मागणी, इच्छा यात जो फरक करतो तो घरातूनच सांगा. पोर रात्री पाणी मागतं, दिलं तर घोटभर पितं आणि पुन्हा हाक मारतं. तहान भागली, पण मागणं पाण्याचं नव्हतंच.

पूर्वभाग_वाचक:
कांडीवाले दादा, काकांना आत्ताच फोन केला. ते कारखान्यातून दोन कांड्या आणतायत, एक सुताने भरलेली, एक रिकामी. नर्सताई पुन्हा येते म्हणाली. अकराव्या सेमिनारमधली रिळाची पानं कुणी मराठीत तोंडी समजावून सांगेल का? रविवारी सकाळी साडेआठ.

कांडीवाला:
मी येतो.