शब्दचर्चा: वाइल्ड एलची चव मराठीत सांगताना – आंबट, आंबूस, उबट, तुरट, कडक

विचारणा (छत्रपती संभाजीनगर)

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या एमआयडीसींत बिअरचे कारखाने उभे आहेत आणि तिथं काम करणारी माणसंही आपलीच. पण चव तपासायला बसलं की कागद इंग्रजी आणि तोंडातले शब्दही इंग्रजी. बेल्जियन धाटणीच्या कडक वाइल्ड एलसाठी (नेहमीच्या यीस्टखेरीज दुसरी यीस्ट आणि जिवाणूंनी आंबवलेली बिअर) मराठी गुणपत्रक करायला घेतलं आहे. रकाने बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या पद्धतीनं ठेवलेत: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकंदर मत १०, मिळून ५० गुण. रकान्यांची नावं सोपी गेली. त्यांत लिहायचे शब्द मात्र अडले.

'सावर'ला आंबट, 'फंकी'ला (जनावरं, गोठा आठवावा अशा वासाला) उबट, 'ड्राय'ला कोरडी, 'स्ट्राँग'ला कडक आणि 'वाइल्ड'ला रानटी असं तूर्त लिहून ठेवलंय. यातलं काय टिकेल आणि काय बदलावं? नुसता प्रतिशब्द नको. कोणत्या दोषाला किंवा गुणाला तो लावायचा, तेही सांगा.

लातूर

आंबट ठेवा, पण एकटा ठेवू नका. 'आंबट' एवढंच लिहिलेल्या कागदावरून बिअर करणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याला कोणतं आम्ल वाढलंय ते कळायला हवं.

दोन मुख्य आम्लं धरा. लॅक्टिक आम्ल म्हणजे ताकाचा, आंबिलीचा आंबटपणा. येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात आंबील पिणाऱ्या आमच्या भागाला ही चव समजावून सांगावी लागत नाही. ती जिभेवर गोलसर बसते, तिला स्वतःचा वास जवळजवळ नसतो आणि घशात ती टोचत नाही. दुसरं ॲसेटिक आम्ल, म्हणजे सिरका. ते आधी नाकाला कळतं, मग घशाशी लागतं. निजामी वळणामुळं 'सिरका' शब्द मराठवाड्यात घरोघरी आहे, 'व्हिनेगर'ची गरज नाही. म्हणून कागदावर 'ताकाचा आंबटपणा' आणि 'सिरक्याचा आंबटपणा' अशा दोन ओळी करा. फ्लँडर्स रेड या बेल्जियन शैलीत, म्हणजे रुसेलारच्या रोडेनबाखसारख्या बिअरमध्ये, सिरक्याचा थोडा अंश शैलीतच बसतो. ग्यूझ जुनी-तरुण लॅम्बिक (हवेतल्या जिवांनी आंबलेली बेल्जियन बिअर) मिसळून करतात, तिच्यात तो वर आला की गुण कापायचे. ॲसेटोबॅक्टरला हवा लागते, त्यामुळं सिरका जास्त म्हणजे पिपात हवा शिरली, हे लगेच कळतं.

'आंबूस' चवीला वापरू नका, तो वासाचा शब्द राहू द्या. 'आंबूस वास येतोय' हे कानाला बरोबर वाटतं.

चिंचेची उपमाही टाळा. चिंचेतलं आम्ल टार्टारिक असतं. बिअर द्राक्षांवर मुरवली असेल तरच ते सापडतं. क्रीकमध्ये, म्हणजे चेरी घातलेल्या लॅम्बिकमध्ये, चेरीचं मॅलिक आम्ल असतं, त्याला 'कैरीचा आंबटपणा' चालेल.

बसणाऱ्यांची जीभ एका पातळीवर आणायला आधी नमुने करून चाखवा. ६५० मिलीची माइल्ड लागर घ्या. एकीत खाद्य दर्जाचं ८८ टक्के लॅक्टिक आम्ल १.५ मिली, दुसरीत ४ टक्क्यांचा पांढरा सिरका ६ ते ७ मिली. पहिलीत लिटरला साधारण २.४ ग्रॅम लॅक्टिक वाढतं, दुसरीत ०.४ ग्रॅम ॲसेटिक. बिअर थंडगार असतानाच पिपेटनं हळूहळू सोडा, घाई केली की फेस उतू जातो. लॅक्टिक आम्ल नुसतं असताना कातडीला आणि डोळ्यांना इजा करतं, हातमोजे घालूनच हाताळा.

आणखी एक शब्द: 'दात आंबणे'. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला दात आंबले तर आम्ल बाकी चवींवर चढलं. हे तोंडातल्या पोताच्या रकान्यात लिहायचं.

लोहा (नांदेड)

'फंकी'ला उबट अजिबात नको. उबट म्हणजे ओलीच भरून ठेवलेली ज्वारी उबली की येतो तो वास, म्हणजे नासाडीचा. कुबट म्हणजे बुरशीचा. बूच लावलेल्या बाटलीला बुचाची बुरशी लागली की येणाऱ्या वासाला कुबट अगदी चपखल बसतो. हे दोन्ही दोषाचे शब्द आहेत, गुणाला लावले तर गोंधळ होईल.

फंक येतो तो मुख्यतः ब्रेटॅनोमायसिस (थोडक्यात ब्रेट) या यीस्टमुळं. १९०४ मध्ये कार्ल्सबर्गच्या क्लॉसेननं इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमधून हे यीस्ट ओळखलं, म्हणून नावात ब्रिटन. हे यीस्ट माल्टमधल्या फेनॉलिक आम्लांपासून दोन पदार्थ करतं. ४-इथाइलफेनॉल म्हणजे घोड्याचा, गोठ्याचा वास. जास्त झालं तर दवाखान्यातल्या चिकटपट्टीचा. दुसरं ४-इथाइलग्वायाकॉल, म्हणजे लवंगेचा आणि धुराचा. इंग्रजीत ज्याला घोड्याच्या पाठीवरचं कापड म्हणतात त्याला आपल्याकडं 'खोगीर' हा नेमका शब्द आहे. माळेगावच्या खंडोबा यात्रेत घोड्यांच्या बाजारातून एक चक्कर मारली की घामेजलेल्या खोगिराचा वास नाकात बसतो. माझ्या मते 'खोगिराचा वास' सरळ गुणपत्रकावर छापा.

पायऱ्या अशा लावा: सुकलेला कडबा, मग घोंगडी, मग खोगीर, मग गोठा. कडबा-घोंगडी हलक्या फंकला. खोगीर भरदार आणि तरी चांगल्या फंकला. गोठ्यात शेणामुताचा वास आला की बहुतेक शैलींत मर्यादा ओलांडली.

मुरघास वेगळा ठेवा. मुरघास बिघडला की त्याला ओकारीसारखा वास सुटतो, तो ब्युटिरिक आम्लाचा. बिअरमध्ये तो आला तर दोषच, फंक म्हणून खपवू नका. आयसोव्हॅलेरिक आम्लाचा वास जुन्या चीजचा, घामट मोज्यांचा. लॅम्बिकमध्ये मुद्दाम जुने केलेले हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) घालतात, त्यामुळं तिथं त्याचा अंश चालतो. तरुण बिअरमध्ये तो डोकं वर काढतो आणि मुरल्यावर बहुधा मागं हटतो.

परभणी

वरचं बरोबर आहे. त्यात दोन दोषांची भर घालतो.

पहिला, 'तार सुटणे'. वरण नासलं की डावाला तार येते, तीच गत बिअरची होते. पेडिओकॉकस हा जिवाणू बहुशर्करांचा चिकट धागा करतो. बाटली तिरकी धरून ओतली तर धार तेलासारखी, न तुटता पडते. बुडबुडेही त्यात संथ चढतात. चव फार बदललेली नसते, पण घोट घशातून बुळबुळीत उतरतो. इंग्रजीत तिला आजारी बिअर म्हणतात, आपल्या 'तार सुटली'मध्ये नेमकं काय झालं ते दिसतं. अशी बिअर ओतून टाकायची नाही. त्यात ब्रेट असेल तर ते यीस्ट काही महिन्यांत तो धागा खातं. पेडिओकॉकसमुळं आलेला डायअसेटिलचा लोण्यासारखा वासही त्याच काळात जातो. गुणपत्रकावर 'तार' हा शब्द रूप आणि पोत दोन्हीकडं लागेल.

दुसरा दोष फसवा आहे. घोट घेतला, गिळला, सगळं नीट. मग १० ते २० सेकंदांनी जिभेच्या मागं उंदराच्या लेंड्यांचा, जुन्या कणगीचा वास उमटतो. हा टेट्राहायड्रोपिरिडिन नावाच्या पदार्थांचा प्रताप. बिअर आम्लधर्मी असते तोवर ते उडत नाहीत, म्हणून पेल्यातून वास येतच नाही. लाळेनं आम्लता कमी झाली की ते सुटतात. काही जणांना हा वास अजिबात कळत नाही, म्हणून तपासायला किमान तिघं बसवा आणि गिळल्यानंतर अर्धा मिनिट कुणी बोलायचं नाही असा नेम घाला. शब्द 'उंदराचा वास' ठेवा, 'भाजक्या पोह्यांचा' वगैरे सौम्य शब्द नकोत. भरताना हवा लागली की हा दोष वाढतो, बाटली महिनोन्महिने ठेवली की बऱ्याचदा कमी होतो. त्यामुळं शेऱ्यात 'आत्ता देऊ नका, ठेवा' असं लिहिता येतं.

विचारणा (छत्रपती संभाजीनगर)

खोगीर आणि तार दोन्ही घेतले. उबट-कुबट दोषांच्या यादीत टाकले. आता कडक, कोरडी आणि रानटी?

धाराशिव

'कोरडी' काढाच. मराठीत तोंड कोरडं पडतं ते तहानेनं. ड्राय म्हणजे साखर उरलेली नाही. त्याला आपल्याकडं 'अगोड' आहे. 'अगोड, शेवट स्वच्छ' एवढं लिहिलं की काम झालं. वाइल्ड एलमध्ये ब्रेट साध्या यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनसुद्धा खाऊन टाकतं, म्हणून ती बहुतेक वेळा अगोडच असते. पेल्यात गोडवा लागला तर तीन शक्यता तपासा: फळ उशिरा घातलं, गोड बिअर मिसळली किंवा आंबवण अर्धवट राहिली. तिसरी धोक्याची, बाटली फुटू शकते.

अगोड आणि तुरट यांचीही गल्लत होते. तुरट म्हणजे जीभ आणि गाल आवळून येणं, कोऱ्या कडक चहासारखं. ते ओकच्या पिपातून आणि फळांच्या सालीतून येतं. ती चव नाही, पोत आहे. ५ गुणांच्या रकान्यात टाका.

बीड

'कडक'बद्दल. आपल्याकडं बाटलीवर 'स्ट्राँग' लिहिलेलं असतं त्याचा अर्थ कायद्यानं ठरलेला आहे. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांत ५ टक्क्यांच्या वर ते ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल म्हणजे स्ट्राँग. बेल्जियन मापानं चित्र वेगळं. बीजेसीपीत गोल्डन स्ट्राँग एल ७.५ ते १०.५ टक्के, डार्क स्ट्राँग ८ ते १२. शिवाय बेल्जियमची ब्रेट घातलेली ऑर्व्हाल ६.२ टक्क्यांची आहे. ती आपल्या लेबलावर स्ट्राँग ठरेल, तिकडं तिला कुणी तसं म्हणत नाही. म्हणून गुणपत्रकावर कडक लिहायचंच असेल तर शेजारी टक्का लिहा.

चाखताना अल्कोहोलसाठी तीन शब्द पुरतात. नाकाला येतो तो भपकारा. छातीत उतरते ती ऊब. घशाला लागते ती जळजळ. ९-१० टक्क्यांच्या बिअरला ऊब हवीच. भपकारा आणि जळजळ बहुतेकदा आंबवण जास्त तापल्याची खूण असते. भपकाऱ्याबरोबर नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा दर्प आला तर मात्र तो अल्कोहोलचा नाही, इथाइल ॲसिटेटचा आहे. हाच पदार्थ थोडा असला की पेरू-नासपतीसारखा छान वाटतो.

आणि कडक वाइल्ड एल फार आंबट नसली म्हणून गुण कापू नका. लॅक्टोबॅसिलस हॉप्सच्या कडूपणानं दबतो, चढत्या अल्कोहोलमध्ये त्याची कामगिरी मंदावते. त्यामुळं अशा बिअरमध्ये ब्रेटचा वास भरपूर आणि आंबटपणा बेताचा असणं साहजिक आहे. ब्रेट म्हणजे आंबट हे समीकरणच चुकीचं आहे. ते आम्ल करतं ते मुख्यतः हवा मिळाली तर, आणि तेही सिरक्याचं.

लातूर

'रानटी'ला माझा विरोध. रानटी माणसाला म्हणतात. नुसतं 'रान' घ्यावं तर मराठवाड्यात रान म्हणजे शेत. 'रानची बिअर' म्हटलं की ऐकणारा शेतावर केलेली समजेल आणि ती सेझाँची गोष्ट, निराळी शैली. मुळात बहुतेक वाइल्ड एल आपोआप आंबलेल्या नसतात, त्यांत ब्रेट आणि जिवाणूंचं विरजण मुद्दाम घालतात. बेल्जियमच्या सेन नदीच्या खोऱ्यात, पायोटेनलँडमध्ये, रात्रभर उघड्या उथळ हौदात वॉर्ट (आंबवण्याआधीचा माल्टचा काढा) गार करून हवेतल्या जिवांवर सोडतात ती लॅम्बिक. तिला 'आपसूक आंबवण' म्हणा. विरजण घातलेल्या बिअरला 'मिश्र आंबवण'. वरचं नाव वाइल्ड एलच राहू द्या, लस्सीला प्रतिशब्द कुणी शोधत नाही.

धाराशिव

मिश्र आंबवण पटलं. विरजण शब्दावर थोडी हरकत: विरजण म्हटलं की दूध डोळ्यांसमोर येतं आणि वाचणारा फक्त जिवाणू धरतो, यीस्ट विसरतो. 'मिश्र विरजण' लिहिलं तर चालेल.

लोहा (नांदेड)

शब्द जमले तरी ओतणं चुकलं की सगळं वाया, म्हणून गुणपत्रकाच्या पाठीमागं एवढं छापा. बाटली किमान एक दिवस उभी ठेवा, साका खाली बसू द्या. वाढायचं तापमान १० ते १३ अंश. आपल्याकडं उन्हाळ्यात खोलीच ३५ अंशांच्या वर असते, फ्रिजमधून ४ अंशांची काढलेली बाटली टेबलावर ठेवली की गप्पांत तापून जाते. म्हणून एका वेळी ६० ते ९० मिलीच ओता आणि बाटली गार पाण्याच्या बादलीत परत ठेवा. पेला ट्युलिपच्या आकाराचा, साबणाचा वास न राहिलेला. पहिला वास ओतल्याबरोबर, दोन-तीन छोट्या हुंगण्यांत. मग पेल्याच्या तोंडावर तळवा ठेवून तो फिरवा, हात काढा, पुन्हा हुंगा. दर्प आणि भपकारा पहिल्यांदा कळतो, खोगीर दुसऱ्यांदा. बाकी बिअर आधी आटपून घ्या, वाइल्ड एल शेवटी. मधे पाणी आणि बिनमिठाचा पाव. शेंगदाणे, शेव काही नको.

परभणी

साक्याचं एक राहिलं. पहिले पेले नितळ ओतून पूर्ण गुण द्या. मग उरलेली बाटली हलक्या हातानं गोल फिरवून साका मिसळलेला एक वेगळा पेला भरा आणि त्याचे शेरे वेगळ्या ओळीत लिहा. 'रूप'च्या रकान्यात गढूळ हा शब्द या दुसऱ्या पेल्याला दोष म्हणून लावू नका. पहिला पेला गढूळ असेल तर बाटली हलली का ते आधी विचारा, मगच ३ पैकी गुण कापा.