'हे माझे शरीर आहे'

वर एकांनी लिहिलंय, 'बायबल एकच, तरी प्रत्येक चर्च सोयीचा अर्थ लावतं.' सोयीचा हा शब्द मला टोचला. मत्तय २६:२६ मध्ये शेवटच्या भोजनात येशू शिष्यांना भाकर देताना म्हणतो, 'हे माझे शरीर आहे'. हेच वाक्य घ्या. १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट सुधारक याच वाक्यावर भांडले. ल्यूथरने ते टेबलावर खडूने लिहून ठेवलं आणि 'आहे म्हणजे आहेच' म्हणत हटला नाही. झ्विंग्लीच्या मते 'आहे' म्हणजे 'दर्शवते'. बाकी मुद्द्यांवर एकमत होऊनही एवढ्यावरून दोघे वेगळे झाले. यात कसली आली सोय?

आम्ही कोल्हापूरचे, वाइल्डर मेमोरियल चर्चच्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या, वळणात वाढलेले. आमच्याकडे प्रभुभोजनाला, म्हणजे त्या शेवटच्या भोजनाच्या विधीला, भाकरीचा तुकडा आणि छोट्या पेल्यात द्राक्षरस. माझी वहिनी वसईची, कॅथलिक. तिच्याबरोबर मिस्साला, म्हणजे त्यांच्याकडच्या याच विधीच्या उपासनेला, गेलो तेव्हा पाहिलं, फादरांनी थाळीतला भाकरीचा कणन् कण प्याल्यात झाडला, पाणी घालून पिऊन टाकला. भाकर ख्रिस्ताचं शरीरच झाली म्हटल्यावर कण तरी कसा सांडू द्यायचा? मी बराच वेळ त्या बोटांकडेच बघत होतो.

आणखी एक. 'प्रोटेस्टंटांसाठी ती भाकर म्हणजे ख्रिस्ताची नुसती आठवण' असं बरेचदा म्हणतात, तेही सरसकट खरं नाही. आमची परंपरा कॅल्विन या सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकाची. तो म्हणतो, भाकर भाकरच राहते, पण पवित्र आत्म्याच्या द्वारे विश्वासणाऱ्याला ख्रिस्त खरोखर मिळतो. लूक २२:१९ मधलं 'माझ्या स्मरणार्थ हे करा' आम्ही वाचतो, ते कॅथलिकही प्रत्येक मिस्सात म्हणतात.