जुन्या वाड्यात १६ चा एमसीबी सारखा पडतोय, ३२ चा टाकू का?

जुना_मजला: पुण्यात वाड्यातल्या दोन खोल्या. वायरिंग लाकडी पट्टीतलं, दीडची (दीड चौरस मिलिमीटर जाडीची) ॲल्युमिनियम तार. किटकॅट फ्यूज काढून १६ अँपिअरचा एकच एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच) लावलाय. २००० वॉटचा गीझर आणि २००० ची इंडक्शन शेगडी चालू असताना १००० ची इस्त्री लावली की पंधरा-वीस मिनिटांनी एमसीबी पडतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो, ३२ चा टाका.

फेजवाला: अजिबात टाकू नका. ५००० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे जवळपास २२ अँपिअर, वर फ्रिज-पंखे. १६ चा एमसीबी १८ पर्यंत पडत नाही आणि २३ ला पडायला तासभरही घेऊ शकतो, त्याची रचनाच तशी असते. तो खराब नाही, त्याचं काम करतोय. चालू करताच खटकन पडला असता तर शॉर्ट शोधावा लागला असता. खरं तर दीडच्या ॲल्युमिनियमला १६ सुद्धा जास्त. तूर्त १० चा लावा आणि गीझर, शेगडी, इस्त्री यांपैकी एका वेळी एकच चालवा. ३२ लावला तर एमसीबी पडणार नाही, तार तापेल, आणि ती लाकडात आहे.

बोर्डातला: कायमचा उपाय: गीझरला आणि शेगडीला डीबीपासून (सगळे एमसीबी असतात त्या मुख्य बोर्डापासून) थेट स्वतंत्र लाइन. अडीचची तांब्याची वायर, सोबत दीडची अर्थिंगची तार, प्रत्येकीला १६ चा एमसीबी. एसी घेणार असाल तर चारची वायर आणि २० चा. दिवे-पंख्यांच्या सर्किटला ६ चा, त्यावर १० पॉइंट किंवा ८०० वॉटच्या पुढे नको. डीबीच्या सुरुवातीला ४० अँपिअर, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. तो करंटची गळती पकडतो, ओव्हरलोड नाही. अर्थिंग मुळात आहे का हेही बघा. अशा घरांत बहुधा नसतं. बिलावरचा मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या आणि मीटरपासून डीबीपर्यंतची तार तपासा. मीटरच्या सीलला हात लावू नका.

फेजवाला: यात एक फसवणूक हमखास होते. नव्या लाइनला फेज (करंट आणणारी तार) नवा ओढतात आणि न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) जुनाच वापरतात. मग दोन्ही लाइनींचा करंट त्या एका तारेतून परततो. तिच्यावर एमसीबी नसतो, म्हणून काही पडत नाही आणि ती आतून जळत राहते. शिवाय आरसीसीबीच्या पुढचा आणि मागचा न्यूट्रल कुठे एकमेकांना जोडला गेला तर आरसीसीबी उगाच पडत राहील. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा घ्या, काम चालू असताना उभं राहून बघा.

जुना_मजला: गीझरच्या सॉकेटचं एक भोक तपकिरी झालंय. सॉकेट बदललं तर भागेल?

बोर्डातला: नाही. पकड सैल झाली म्हणून ते तापलं. नवं १६ अँपिअरचं लावलं तरी मागची तार काळी पडली असेल तर चकाकता धातू लागेपर्यंत कापावी लागेल. ॲल्युमिनियमला तांबं पिळून वर टेप गुंडाळलेला जोड दिसला तर तो आधी काढा: ॲल्युमिनियमवर ऑक्साइड चढतो, जोड तापतो, अजून सैल होतो. नवी लाइन येईपर्यंत त्या सॉकेटवर गीझर लावू नका.