अनुभव धागा: फाटक पडल्यावर काय काय झालंय तुमच्याबरोबर?

उसाची_मोळी:
काल आमच्या गावचं रेल्वे फाटक कायमचं बंद झालं. खालनं बोगदा काढलाय. दांडी उतरवताना बघत उभा होतो आणि आठवीतला एक दिवस डोळ्यांपुढं आला. (गाव कराडच्या अलीकडं, एवढंच सांगतो.)

गळिताचा हंगाम. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. पुढची रुळांवरनं पार झाली, मागचीची पिन निसटली आणि ती बरोबर मधोमध. गेटमन मामांनी फोन फिरवला तर गाडी स्टेशनातनं आधीच सुटलेली. मामा लाल झेंडी आणि फटाक्यांची डबी घेऊन खडीवरनं पळत सुटले. पन्नाशीचा माणूस, पायात टायरच्या चपला. मी शाळा सोडून मागनं. फटाका म्हणजे चपटी टिकली, तिच्या पट्ट्या रुळाला गुंडाळायच्या, इंजिनाचं चाक वर आलं की ती फुटते आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. मामांचा हात इतका थरथरत होता की पट्टी बसेना. मग फाट्! फाट्! गाडी ट्रॉलीच्या दोन खांब अलीकडं थांबली.

पॅसेंजर खाली उतरले आणि मामांनाच शिव्या घातल्या, गाडी का अडवली म्हणून.

तुमचं सांगा.

मिरजकर_काकू:
कुकर लावून लिहितेय. आमचे हे लुना आडवी करून दांडीखालनं घालायचे, मागं मी. एकदा पदर दांडीच्या साखळीत अडकला. हे पलीकडं पोचले तरी पत्ता नाही, बायको अलीकडंच! गेटमननं सोडवला. त्या दिवसापासून मी उतरून उभी राहते, ह्यांना कितीही घाई असू दे.

दादा_वाळवेकर:
काकू 😂😂 लुना गेली पण काका तसेच असणार.

कीमनचापोर:
फटाक्यांचा हिशेब असतो. ६०० मीटरवर एक, १२०० मीटरवर तीन, दहा-दहा मीटर सोडून. भरल्या गाडीला थांबायला किलोमीटरभर लागतो, म्हणून एवढं लांब पळायचं. आमचे वडील कीमन, रोज पहाटे खांद्यावर हातोडा टाकून रूळ तपासायला निघायचे, सैल चावी (रूळ धरून ठेवणारी लोखंडी पाचर) दिसली की ठोकायची. थंडीत रूळ आकसून वेल्डला तडा जातो, म्हणून रात्रीची गस्त वेगळी. घरी आले की आई आधी पायातले काटे काढायची.
ती पिवळी 'सी/फा' पाटी आठवते का? सीटी, फाटक. मी लहानपणी गावाचं नाव समजायचो.

बोगदाग्रस्त:
बोगद्यात पावसाळ्यात गुडघाभर पाणी असतं, त्यावर धागा काढा कुणीतरी.

दादा_वाळवेकर:
गुडघाभर? आमच्यात म्हशी डुंबत्यात.

ऊसतोड_मुकादम:
लाईन इलेक्ट्रिक झाल्यापासून आमची लई पंचाईत. फाटकाच्या आधी लोखंडी कमान असते, तिला ऊस घासला तर गाडी मागं घ्यायची. एक जण पोराला म्हणला, वर चढ आणि वाढं (उसाचे शेंडे) दाब. मी खाली ओढला त्याला. वर २५,००० व्होल्ट, तारंला हात लावायचीबी गरज नसती, जवळ गेलं तरी ओढून घेती.

सातारची_लेक:
फाटक नाही, पण सांगते. कोयना एक्सप्रेसनं येत होते, आदर्कीच्या घाटात करपल्याचा वास, आणि कुणीतरी ओरडलं, आग! पोरं दाराकडं धावली. दारात एक आजी बोचकं घेऊन बसलेल्या, म्हणाल्या, "माझ्या अंगावरनं जा." उठल्याच नाहीत. वास ब्रेकचा होता. २२ जानेवारी २०२५ ला पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमधली माणसं अशाच अफवेनं उतरली आणि बाजूच्या लाईनीवर कर्नाटक एक्सप्रेस आली. त्या दिवशी दिवसभर आजी डोळ्यांपुढं.

गप्प_वाचक:
आमच्याकडं लग्नाच्या वऱ्हाडानं फाटक उघडायला लावलं होतं. नवरदेव वकील. रेल्वे कायद्याचं १६० कलम त्याला कुणी सांगितलं नव्हतं वाटतं, बंद फाटक उघडलं तर तीन वर्षांपर्यंत, तोडलं तर पाच.

दादा_वाळवेकर:
मग मुहूर्त गाठला का?

गप्प_वाचक:
नाही. भटजीच फाटकापलीकडं अडकले होते.

मिरजकर_काकू:
उसाची_मोळी, त्या मामांचं पुढं काय झालं?

उसाची_मोळी:
रिटायर होऊन जमाना झाला काकू. काल काठी टेकत आले होते. बोगद्यात खाली डोकावून बघितलं आणि म्हणाले, "उतार चुकलाय. पाणी साठणार." मग चहा प्यायला गेलो.

बोगदाग्रस्त:
मी काय म्हणत होतो!