वर बर्फाचा डोंगर, खाली दूध नासतंय: हीटर गेला की गॅस?

आखाडा_परभणी:
२६० लिटरचा डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री फ्रिज. जुना टायमरवाला आहे (ठरावीक वेळाने कंप्रेसर थांबवून बर्फ वितळवणारा हीटर लावणारं घड्याळ), इलेक्ट्रॉनिक बोर्ड नाही. वर बर्फ होतो, पण खालच्या कप्प्यात गारवा नाही, सकाळचं दूध संध्याकाळपर्यंत नासू लालंय. दोन दिवस बंद ठेवला की आठवडाभर झकास चालतो, मग पुन्हा तेच आणि पंख्याची खरखर. मेकॅनिक म्हणतो गॅस कमी झालाय. फ्रीजरच्या आतलं मागचं पॅनल काढलं तर गारवा देणारी नळ्यांची कॉइल वरपासून खालपर्यंत पांढरीफटक. बर्फ वितळल्यावर हीटरच्या कनेक्टरला मल्टिमीटर लावला, काहीच रीडिंग नाही. नवा हीटर आणू का? शेतातल्या मोटारी चालू झाल्या की आखाड्यावर (शेतातल्या घरी) व्होल्टेज १७० पर्यंत उतरतं. स्टॅबिलायझर नाही.

गोदाकाठ:
आधी दाराचं रबर बघा. कागद अडकवून दार लावा, सहज निघाला तर रबर गेलं.

ओहम_लातूर:
रबर बघायला हरकत नाही, पण नुसत्या रबराने बंद ठेवून पुन्हा आठवडाभर झकास चालण्याचा हा खेळ सहसा होत नाही.

गॅस भरू नका. गॅस कमी असला की कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वेढ्यांवरच बर्फ धरतो, बाकीची कोरडी राहते. तुमची अख्खी कॉइल सारखी पांढरी आहे, म्हणजे गॅस फिरतोय, बर्फ वितळवणारं सर्किट चालत नाही. साचलेला बर्फ पंख्याची हवा अडवतो म्हणून खालचा कप्पा आधी गरम पडतो.

हीटरही इतक्यात आणू नका. कनेक्टरवर तुम्ही एकटा हीटर मोजलेला नाही. बहुतेक फ्रिजांत तिथं बायमेटल (तापमानावर आपोआप जोडणारं-तोडणारं बटण), थर्मल फ्यूज (जास्त तापलं की कायमचा तुटणारा) आणि हीटर एकाच ओळीत असतात. बायमेटल थंडीतच जोडतो: साधारण उणे ५ ते उणे ७ अंशांच्या खाली जोडला जातो, १०-१३ अंशांच्या आसपास सुटतो. बर्फ वितळवून मोजलंत तेव्हा तो सुटलेलाच असायला हवा, त्यामुळे धडधाकट फ्रिजही तेव्हा काहीच दाखवणार नाही. या एका चुकीपायी लई चांगले हीटर भंगारात जातात.

प्लग काढा (नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही) आणि तिन्ही सुटे करून मोजा. हीटरवर वॅट लिहिलेले असतात. २३० चा वर्ग भागिले वॅट केलं की ओहम मिळतात: १५० वॅटला ३५० च्या आसपास, २०० ला २६५. थोडं इकडंतिकडं चालतं. फ्यूज जवळजवळ शून्य दाखवायला हवा.

बायमेटलला मात्र वेळ द्या. वाटीत बर्फाचा चुरा आणि मूठभर मीठ कालवा, बायमेटल प्लास्टिकच्या पिशवीत घालून दहा-पंधरा मिनिटं त्यात दाबून ठेवा. मल्टिमीटरची बीप आली पाहिजे, म्हणजे तो जोडला गेला. मग बाहेर काढून मुठीत धरा, काही मिनिटांत बीप थांबली पाहिजे. लोक पहिलं बघतात आणि दुसरं सोडून देतात. दुसरं जास्त महत्त्वाचं.

टायमर शेवटी, सगळं परत जोडून प्लग लावल्यावर. त्याची खाच स्क्रू ड्रायव्हरने घड्याळाच्या दिशेने, टक् आवाज येईपर्यंत फिरवा. कंप्रेसर थांबून हीटरला वीज जाते आणि साधारण अर्ध्या तासाने कंप्रेसर आपोआप परत लागतो. तो लागलाच नाही तर टायमरची मोटर मेली.

आखाडा_परभणी:
हीटर १६० वॅटचा, रीडिंग ३२८. फ्यूजवर ७२ अंश लिहिलंय, रीडिंग काहीच नाही. बायमेटल बर्फात बीप देतो, पण बाहेर काढून अर्धा तास झाला तरी बीप चालूच! टायमरची टक् ऐकू येते, अर्ध्या तासाने कंप्रेसरही लागतो. फ्यूजच्या दोन वायरी थेट जोडल्या तर चालेल का?

ओहम_लातूर:
अजिबात नको. तुमचा बायमेटल चिकटलाय. बर्फ संपला तरी तो हीटर तोडत नव्हता, टायमरची वेळ संपेपर्यंत कोरडी कॉइल तापत राहायची. एक दिवस आतलं तापमान ७२ वर गेलं आणि फ्यूजने जीव दिला. थेट जोडलंत तर पुढच्या वेळी प्लास्टिकचा साचा वितळेल.

फ्यूज आणि बायमेटल दोन्ही बदला. एकटा फ्यूज टाकलात तर तोही जाईल. जुन्या भागांवरचे अंशांचे आकडे जुळवूनच नवे घ्या आणि बायमेटल होता त्याच नळीवर क्लिपने घट्ट बसवा. जोड नुसत्या टेपने गुंडाळू नका, तिथं ओल धरते. क्रिम्प करून (धातूच्या टोपीत दाबून) वर हीट श्रिंक नळी (तापवली की आवळणारी) चढवा.

फेज_न्यूट्रल:
निदान बरोबर, पण १७० व्होल्टकडे कुणी बघितलं नाही. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाने घटते. १७० वर तुमचा १६० वॅटचा हीटर जेमतेम ८७ वॅट देतो. टायमरची मिनिटं तेवढीच, उष्णता निम्मी. कॉइलच्या तळाशी थोडा बर्फ उरतो, दर फेरीला वाढतो, आणि महिनाभराने नव्या भागांनाच दोष दिला जातो. फ्रिजपुरता का होईना, स्टॅबिलायझर लावाच.

आणि मागच्या पट्टीवर आर६००ए लिहिलंय का बघा. तो गॅस पेट घेतो. बर्फ सुरी-पेचकसाने खरवडू नका, ॲल्युमिनियमची नळी एका टोच्यात फुटते. गरम पाण्याचं पातेलं आत ठेवून दार लोटून घ्या, तासाभरात सुटतो.

ओहम_लातूर:
व्होल्टेजचा मुद्दा मान्य, माझ्याकडून राहिला. आखाड्यावर दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा मोजून बघा.

पॅनल लावण्याआधी कॉइलखालच्या पन्हाळीत ग्लासभर कोमट पाणी ओता. ते मागं कंप्रेसरवरच्या ट्रेमध्ये उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर नळीत बर्फ किंवा घाण आहे. ती मोकळी करूनच स्क्रू आवळा, नाहीतर वितळलेलं पाणी भाजीच्या ट्रेखाली साचेल.