शेणातला दोन शिंगांचा छोटा भुंगा कोणता? हुमणीचा तर नाही ना?

गोठा_डायरी:
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात दोन चांगले पाऊस झाले आणि तेव्हापासून रात्री गोठ्याच्या लाइटखाली हे भुंगे येऊन पडतायत, सकाळी बांधावरचा ताजा शेणाचा पो काठीने उलटला तर त्याच्या खालीही तेच. पट्टीवर ठेवून मोजला, ११ मिलिमीटर भरला. पाठ वाळल्या गवताच्या रंगाची, डोकं आणि मानेकडचा भाग काळपट, पण उन्हात धरला की हिरवट तांबूस चमकतो. काहींच्या डोक्यावर दोन बारीक शिंगं आहेत आणि काहींना अजिबात नाहीत, म्हणजे दोन वेगळ्या जाती धरायच्या का? शेजारचे काका म्हणतात हुमणीचे भुंगे आहेत, पावडर टाकून मोकळा हो. मागच्या वर्षी भुईमुगाची मुळं हुमणीच्या अळीने खाल्लीत त्यामुळे भीती वाटतेय. नेटवर फोटो जुळवला तर एकाच किड्याला ओन्थोफॅगस गॅझेला आणि डिजिटॉन्थोफॅगस गॅझेला अशी दोन नावं दिसली. खरं कुठलं?

भिंगवाला:
दादा आधी ती पावडर बाजूला ठेवा. हा हुमणीचा नाही, शेणभुंगा आहे. घराणं दोघांचं एकच, स्कॅरॅबिडी, म्हणून मिशांच्या टोकाला दोघांच्याही पंख्यासारख्या पाकळ्या असतात आणि गफलत होते. पण हुमणीचा भुंगा संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जाऊन पाला खातो, याला पाला कुरतडताच येणार नाही कारण याचे जबडे पातळ, पापुद्र्यासारखे असतात, शेणातला रस आणि बारीक कण तेवढे घेतो.

आता शिंगांचं. शिंगवाले नर, बिनशिंगाच्या माद्या, जात एकच. मादीच्या डोक्यावर शिंगांऐवजी आडव्या बारीक कडा असतात, भिंगाखाली छान दिसतात. आणि नर लहान राहिला असेल तर त्याची शिंगंही नुसत्या टोकांएवढीच असतात, अळी असताना शेण कमी मिळालं की असं होतं, म्हणून फक्त शिंगं बघून फसू नका. पुढचे पाय बघा. नराचे लांब आणि सडपातळ, मादीचे आखूड, रुंद, बाहेरच्या कडेला दाते असलेले, कारण बोगदा खणायचं जास्त काम तिचं.

अजून एक खूण सांगतो, मला ही फार आवडते. पाठीवरची दोन कठीण झाकणं जिथे मानेच्या ढालीला भिडतात तिथे मधोमध छोटा त्रिकोण दिसतोय का? शेणात ॲफोडियस गटाचे लांबट बारके भुंगेही असतात, त्यांच्यात तो त्रिकोण स्पष्ट असतो, तुमच्या भुंग्यात दिसणार नाही. मागच्या पायाच्या नडगीच्या टोकाला काटा पण एकच असेल, ॲफोडियसला दोन असतात.

कोकणी_माड:
आमच्याकडे शिंग दिसलं की लोक गेंड्या भुंगा म्हणून चिरडतात. माडाचा गेंड्या चांगला चार-पाच सेंटिमीटरचा, काळा आणि शिंग एकच. त्याच्या अळ्या उकिरड्यात वाढतात म्हणून गोंधळ होतो, पण ११ मिलिमीटरच्या दोनशिंग्याचा माडाशी काही संबंध नाही.

नावांची_वही:
नावाचं मी सांगते. फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १७८७ मध्ये याचं वर्णन केलं तेव्हा स्कॅरॅबियस गॅझेला असं नाव दिलं, त्या काळी असले बरेच भुंगे स्कॅरॅबियसमध्येच टाकायचे. पुढे लात्रेयने १८०२ मध्ये ओन्थोफॅगस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, केली (ओन्थोस म्हणजे ग्रीकमध्ये शेण, फॅगस खाणारा) आणि हा त्यात गेला. ती प्रजाती इतकी वाढली की आज तिच्यात दोन हजारांच्या वर जाती आहेत, म्हणून आत उपगट पाडावे लागले. बाल्थासारने १९५९ मध्ये डिजिटॉन्थोफॅगस हा उपगट केला आणि नंतर त्यालाच स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला. त्यामुळे जुन्या पुस्तकात ओन्थोफॅगस वाचलंत तरी किडा तोच, आता लिहिताना डिजिटॉन्थोफॅगस गॅझेला (फॅब्रिशियस, १७८७) असं लिहा. तो कंस काढू नका हं, कंसाचा अर्थच असा की जातीला नाव याच माणसाने दिलं पण तेव्हा ती दुसऱ्या प्रजातीत होती.

फक्त एक सांभाळा. आपल्याकडच्या याद्यांत याचाच भाऊबंद बोनासस पण येतो, फॅब्रिशियसचाच, १७७५ चा. रंग तसाच पिवळट, पण मोठ्या नराची शिंगं बरीच लांब आणि बाकदार. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा नर शोधा आणि बाजूने फोटो काढा, वरून काढलेल्या फोटोत शिंगाचा बाक कळत नाही. २०१७ मध्ये या प्रजातीची नव्याने छाननी झाली तेव्हा आफ्रिकेत गॅझेला म्हणून एकाच नावाखाली अनेक जाती निघाल्या, म्हणून मी फोटोवरून पटकन शिक्का मारत नाही.

भिंगवाला:
आणि काकांना हेही सांगा की हाच गॅझेला ऑस्ट्रेलियाने १९६८ पासून मुद्दाम आणून सोडला. तिथल्या भुंग्यांना कांगारूच्या लेंड्यांची सवय, गाईचं पातळ शेण तसंच पडून राहायचं आणि त्यात माश्या व्हायच्या. आपल्याकडे तो फुकट येतोय. जनावरांना आयव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडांचं औषध दिलं असेल तर पुढचे काही दिवस ते शेणातून बाहेर पडतं आणि यांच्या अळ्या मरतात, ते शेण वेगळं टाका.

गोठा_डायरी:
दहा दिवसांनी लिहितोय, आधी पावसाने आणि मग पेरणीने वेळच दिला नाही. पावडर टाकली नाही. एका जुन्या पोच्या खाली खुरप्याने हळूहळू उकरलं, वीतभर खाली बोराएवढे घट्ट शेणाचे चार गोळे सापडले, एक फुटला तर आत पांढरी अळी, पण पाठीवर चक्क कुबड. हुमणीच्या अळीला असं कुबड मी कधी बघितलं नाही. बाकीचे तीन गोळे होते तसे ठेवून माती ओढली. काकांना तिथेच बोलावून दाखवलं, ते बराच वेळ उकिडवे बसून बघत होते. आणि भिंगातून तो त्रिकोण खरंच दिसला नाही, झाकणं सरळ ढालीला भिडलीत. मोठ्या नराचा बाजूने फोटो टाकलाय, शिंगं आखूड आहेत, किंचित मागे वळलेली. ताई एकदा बघता का?

नावांची_वही:
बघितला. आखूड, साधी, जवळजवळ समांतर. बोनासस नाही वाटत, वहीत गॅझेला म्हणून लिहा आणि तारखेबरोबर शेण गाईचं की म्हशीचं तेही नोंदवा.